मनस्तापही मोजावा लागतो

कर्करोगाशी झुंजणाऱ्या किशोरांचे आणि तरुणांचे रक्त, वजन, ताप हे सारे वेळच्या वेळी तपासले जाते, कागदावर नोंदले जाते. त्यांच्या मनाची विचारपूस मात्र बहुधा राहून जाते. ही विचारपूस नियमाने कशी करता येते आणि ती का करायला हवी, याचा हा परिचय.

कावेरीच्या तीरावरील कुंभकोणम् हे तामिळनाडूतील देवळांचे गाव. दर बारा वर्षांनी येथील महामहम तलावावर स्नानासाठी लाखो भाविकांची गर्दी लोटते. पितळी समया, विड्याची कोवळी पाने आणि वाफाळती 'डिग्री कॉफी' ही या गावाची आणखी ओळख. तंजावर येथून जेमतेम ४० किलोमीटर. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास राज्य स्थापले आणि मराठी भाषा या मुलखात रुजली. आजही या परिसरात घरात मराठी बोलणारी कुटुंबे आढळतात.

बँकिंगच्या इतिहासातही या गावाला स्थान आहे. आज 'सिटी युनियन बँक' या नावाने परिचित असलेली संस्था १९०४ मध्ये 'कुंभकोणम् बँक' म्हणून येथेच जन्माला आली. त्याच वर्षी गावातील सरकारी महाविद्यालयात सोळा वर्षांचा एक विद्यार्थी शिष्यवृत्ती मिळवून दाखल झाला. त्याचे वडील एका कापड दुकानात हिशेबनीस होते. सारंगपाणी मंदिरासमोरच्या गल्लीतील लहानशा घरात हे कुटुंब राहत असे. त्या विद्यार्थ्याचे नाव श्रीनिवास रामानुजन.

रामानुजन यांचे गणित जगाला ठाऊक आहे. त्यांच्या आयुष्यातील दोन प्रसंग मात्र फारसे सांगितले जात नाहीत, आणि या लेखाच्या विषयाशी त्यांचा निकटचा संबंध आहे.

पहिला प्रसंग १९०५ चा. गणितापुढे इतर विषयांकडे दुर्लक्ष झाले, परीक्षेत अपयश आले आणि शिष्यवृत्ती गेली. ऑगस्ट महिन्यात हा सतरा वर्षांचा मुलगा कोणालाही न सांगता घरातून निघून थेट विशाखापट्टणमला पोहोचला. मुलगा हरवल्याची सूचना वर्तमानपत्रात छापून आली. पुढे तो परतला.

दुसरा प्रसंग इंग्लंडमधील. १९१४ मध्ये केंब्रिजला गेलेले रामानुजन १९१७ च्या वसंतात गंभीर आजारी पडले. वय अवघे २९. त्या वेळी क्षयाचे निदान झाले होते; पुढील काळातील संशोधकांनी यकृतातील अमीबाजन्य विकाराची शक्यता मांडली. त्यांना कर्करोग नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु ऐन तारुण्यात दीर्घ आजार, एकामागून एक शुश्रूषालये, घरापासून हजारो मैलांचे अंतर आणि अनिश्चित भविष्य ही अवस्था आजच्या तरुण कर्करोग्याच्या अवस्थेशी मिळतीजुळती होती. महायुद्धामुळे शाकाहारी अन्नाची ओढाताण, थंडी, घरची पत्रे न येणे आणि ट्रिनिटी महाविद्यालयाच्या फेलोशिपसाठी पहिल्या खेपेस झालेली निराशा, हे सारे त्यात मिसळले होते. १९१८ च्या प्रारंभी लंडनमध्ये एका असह्य क्षणी त्यांनी जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले आणि प्राध्यापक हार्डी यांनी मध्यस्थी करून त्यांना पोलिसांच्या ताब्यातून सोडवले.

त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर शरीराकडे लक्ष देत होते. ताप पाहिला जात होता, औषधे बदलली जात होती. परंतु "गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला?" हा प्रश्न विचारण्याची पद्धत त्या काळी वैद्यकात कोठेच नव्हती. जे विचारले जात नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद होत नाही त्यावर उपाय योजला जात नाही. हिशेबाचे काम करणाऱ्या कोणालाही हा नियम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

वयाचा पेच

वैद्यकशास्त्रात पंधरा ते एकोणचाळीस वर्षे या वयोगटाचा आता स्वतंत्र विचार केला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने २००६ मध्ये तयार झालेल्या अहवालाने हा गट ठळकपणे पुढे आणला. या वयात रक्ताचा कर्करोग, लसिका ग्रंथींचा कर्करोग, हाडांच्या गाठी, बीजग्रंथींचे आणि थायरॉइडचे कर्करोग विशेषत्वाने आढळतात. त्यांपैकी अनेकांवर आज परिणामकारक उपचार आहेत. अडचण येते ती वयाची.

लहान मुलांच्या विभागात भिंतीवर हत्ती-ससे रंगवलेले असतात. तेथे सतरा वर्षांच्या मुलाला अवघडल्यासारखे होते. मोठ्यांच्या विभागात शेजारच्या खाटेवर साठीचे गृहस्थ असतात. तेथे त्याला समवयस्क कोणी भेटत नाही. दहावी-बारावीची परीक्षा, महाविद्यालयातील प्रवेश, पहिली नोकरी, ठरत आलेले लग्न, हे सारे याच वर्षांत यायचे असते. ज्या वयात आईवडिलांचा हात सोडून स्वतःच्या पायावर उभे राहायचे, त्याच वयात आंघोळीसाठीसुद्धा आईचा आधार घ्यावा लागतो. केस गळतात, चेहरा सुजतो, वजन घटते. मित्र सुरुवातीला येतात. मग काय बोलावे हे न सुचल्याने त्यांचे येणे हळूहळू कमी होते.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. "त्याला काही सांगू नका, तो खचून जाईल," असे घरचे डॉक्टरांना बजावतात. मुलाला सारे कळलेले असते. आपल्याला कळले आहे हे आईला समजले तर ती खचेल, म्हणून तोही गप्प राहतो. एकाच खोलीत दोन्ही बाजूंनी प्रेमापोटी मौन पाळले जाते. डॉक्टरांची फेरी येते. "कसे वाटते?" या प्रश्नाला "बरे आहे" एवढेच उत्तर मिळते आणि फेरी पुढे सरकते.

शून्य ते दहा

हे मौन भेदण्यासाठी एक अगदी साधे साधन गेल्या शतकाच्या अखेरीस तयार झाले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या विख्यात कर्करोग रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. जिमी हॉलंड यांनी कर्करोग्यांच्या मनाचा अभ्यास ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून उभी केली. वेदना मोजण्यासाठी डॉक्टर रुग्णाला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा सांगायला लावतात. मनाच्या त्रासासाठीही तसेच का करू नये, असा विचार त्यांच्या गटाने केला. कागदावर तापमापकाचे चित्र काढले. तळाशी शून्य, म्हणजे काहीही त्रास नाही. वर दहा, म्हणजे कमालीचा त्रास. आजच्या दिवसासह गेल्या आठवडाभरात आपला त्रास किती होता, त्या आकड्यावर रुग्णाने खूण करायची. १९९८-९९ च्या सुमारास या पद्धतीला अमेरिकेतील कर्करोग केंद्रांच्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांत स्थान मिळाले.

नाव निवडतानाही विचार झाला होता. 'मनोविकार', 'नैराश्य' असे शब्द वापरले की रुग्ण बिचकतो. आपल्याला वेडा ठरवतील, अशी धास्ती त्याला वाटते. म्हणून 'त्रास' या अर्थाचा, कोणालाही न टोचणारा सौम्य शब्द घेण्यात आला. मराठीला तर या बाबतीत फार शोधावे लागत नाही. 'मनस्ताप' हा शब्द आपल्याकडे पूर्वापार आहे आणि त्यात 'ताप' आधीपासूनच बसलेला आहे. मापक तेवढा नव्हता.

साधारणपणे चार किंवा त्याहून अधिक आकडा आला तर पुढची चौकशी करावी, असा संकेत आहे. परंतु आकड्यापेक्षाही त्याखालची यादी अधिक मोलाची. तीत व्यावहारिक अडचणी, कौटुंबिक प्रश्न, भावना, श्रद्धाविषयक प्रश्न आणि शारीरिक तक्रारी अशी विभागणी असते. झोप, भूक, प्रवास, पैसा, घर, शिक्षण, भीती, उदासी अशा प्रत्येक बाबीपुढे 'होय' किंवा 'नाही' अशी खूण करायची. काही मिनिटांत काम होते. रामानुजन यांच्यापुढे १९१७ मध्ये असा कागद ठेवला गेला असता तर अन्न, झोप, घरची पत्रे, एकटेपणा आणि पुढील काम या रकान्यांत खुणा झाल्या असत्या, असा तर्क त्यांच्या चरित्रावरून सहज करता येतो. त्यांतील काही गोष्टींवर उपाय तर अगदी हाताशी होते.

कॅनडातील तज्ज्ञांनी पुढे एक पाऊल टाकले. नाडी, श्वसन, तापमान, रक्तदाब आणि वेदना यांच्या जोडीला भावनिक त्रास हे सहावे जीवनलक्षण मानावे, असा त्यांनी आग्रह धरला. अमेरिकेत शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने कर्करोग केंद्रांच्या मान्यतेसाठी २०१२ च्या मानकांत अशा छाननीचा समावेश केला आणि २०१५ पासून ती अपेक्षित ठरली.

वयाला साजेसे प्रश्न

मोठ्यांसाठी केलेली यादी तरुणांना पुरत नाही, हे लवकरच लक्षात आले. साठीच्या रुग्णाला बारावीची परीक्षा बुडण्याची चिंता नसते, किंवा वर्गातील मुले टोपी काढून पाहतील अशी भीती नसते. ऑस्ट्रेलियात १९८५ पासून तरुण कर्करोग्यांसाठी काम करणाऱ्या 'कॅनटीन' या संस्थेने तज्ज्ञांच्या साहाय्याने या वयोगटासाठी वेगळी यादी तयार केली. शाळा-महाविद्यालय, नोकरी, मित्रमंडळी, स्वतःचे रूप, प्रेमसंबंध, पुढे मूल होईल की नाही, आपल्यामुळे भावंडांकडे दुर्लक्ष होते का, अशा प्रश्नांना तीत जागा आहे. उपचार सुरू होताना आणि उपचार संपताना वेगवेगळे प्रश्न पडतात, हेही तीत गृहीत धरलेले आहे.

यांतील अपत्यप्राप्तीचा प्रश्न विशेष नाजूक. काही औषधे आणि किरणोपचार यांचा प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो आणि ती जपण्याचे उपाय उपचार सुरू होण्यापूर्वीच करावे लागतात. एकोणीस वर्षांचा मुलगा हे वडिलांसमोर विचारणार नाही. तेवीस वर्षांची मुलगी आईसमोरही कचरेल. म्हणून ही यादी भरताना आईवडिलांनी काही मिनिटे बाहेर थांबावे, असे तज्ज्ञ सांगतात. यात त्यांचा अवमान नाही. मुलाला मन मोकळे करता यावे, एवढाच त्यामागील हेतू आहे.

एखाद्या कुटुंबाची कल्पना करू या. मुलगा सतरा वर्षांचा, हाडाच्या गाठीवर उपचार सुरू. कुंभकोणम् परिसरातील घर ते चेन्नईचे रुग्णालय हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर. दर तीन आठवड्यांनी रात्रीची गाडी, सोबत वडील. मुलगा जेवत नाही, बोलत नाही, "आता पुरे, मला नाही यायचे," म्हणतो. औषधांमुळे मळमळ होत असेल, मरणाची भीती वाटत असेल, असे साऱ्यांना वाटते. कागदावर तो आठ या आकड्यावर खूण करतो आणि यादीत 'भीती' हा रकाना रिकामा सोडून 'पैसा' आणि 'भावंडे' यांपुढे 'होय' लिहितो. समुपदेशक विचारतात तेव्हा उलगडा होतो. आईने दागिने गहाण ठेवल्याचे त्याने भिंतीपलीकडून ऐकले आहे आणि आपल्यामुळे बहिणीचे शिक्षण थांबेल, या विचाराने त्याला झोप लागत नाही. उपचार नाकारण्यामागे त्याची निराशा कमी आणि घराविषयीची काळजी अधिक आहे.

या दुखण्यावर नैराश्याची गोळी हा पहिला उपाय नव्हे. रुग्णालयातील समाजसेवक, शासकीय आरोग्य विमा योजना, धर्मादाय निधी, रेल्वे भाड्यातील सवलत आणि वडिलांनी मुलाजवळ बसून मोकळेपणाने मांडलेला घरचा जमाखर्च, यांनी त्यातील मोठा भाग हलका होऊ शकतो. पण त्यासाठी आधी कारण कळावे लागते, आणि ते विचारल्यावाचून कळत नाही.

छाननी म्हणजे निदान नव्हे

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. आठ हा आकडा म्हणजे मनोविकाराचे प्रमाणपत्र नव्हे. थर्मामीटरवर १०२ अंश दिसले म्हणून हिवताप झाला असे कोणी म्हणत नाही. रक्त तपासायला हवे, एवढेच त्यावरून ठरते. त्याचप्रमाणे या कागदावरून पुढे कोणाकडे पाठवायचे ते ठरते. नैराश्याचा संशय आल्यास नऊ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' ही चाचणी किंवा झिग्मंड आणि स्नेथ यांनी १९८३ मध्ये रुग्णालयातील रुग्णांसाठी तयार केलेली चिंता व नैराश्य मापनाची श्रेणी वापरली जाते. किशोरांशी बोलताना घर, शिक्षण, आवडीनिवडी, व्यसने, लैंगिकता आणि आत्मघाताचे विचार या क्रमाने सोप्याकडून अवघडाकडे जाणारी संभाषणाची पद्धतही प्रचलित आहे. अंतिम निदान तज्ज्ञच करतात.

शेवटच्या विषयाबाबत घरच्यांच्या मनात मोठी भीती असते. मरणाचे विचार येतात का, असे विचारले तर नसलेला विचार मनात घातल्यासारखे होईल, असे अनेकांना वाटते. तज्ज्ञांचे म्हणणे नेमके उलट आहे. शांतपणे, थेट विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट, एकट्याने वाहिलेले ओझे कोणापाशी तरी उतरवता येते. असे उत्तर मिळाल्यास मात्र मुलाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. केवळ कागद भरून घेतल्याने कोणाचाही त्रास कमी होत नाही. पुढची मदत जोडलेली नसेल तर छाननीचा लाभ होत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. तक्रारवही ठेवली पण ती कोणी उघडली नाही, तर ग्राहकाचा उरलासुरला विश्वासही जातो. हा अनुभव कोणत्याही सेवाक्षेत्राला नवा नाही. "किती त्रास आहे?" असे विचारणाऱ्याने उत्तर ऐकून घेण्याची आणि काहीतरी करण्याची तयारी ठेवूनच विचारावे. छाननी एकदाच करून भागत नाही, हेही लक्षात घ्यावे. निदान झाले तेव्हा, उपचार बदलले तेव्हा, उपचार संपले तेव्हा आणि रोग उलटला तेव्हा ती पुन्हा करावी लागते. उपचार संपल्याचा दिवस आनंदाचा असतो खरा. परंतु रुग्णालयाचा आधार सुटल्याने त्याच सुमारास अनेक तरुण मनाने अधिक खचतात.

आपल्याकडील वाटचाल

रुग्णाची नोंद बारकाईने ठेवण्याची परंपरा तंजावरच्या मराठी राज्यालाही होती. सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांनी धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था चालवली. नेत्ररोग्यांच्या त्यांच्या काळातील सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवलेल्या आहेत. डोळा कसा दिसतो, उपचाराने काय फरक पडला, हे लिहून ठेवले की पुढचा वैद्य आंधळेपणाने वागत नाही, ही दृष्टी त्यामागे होती. मनाच्या बाबतीत तीच दृष्टी आता आणायची आहे.

तामिळनाडूत कर्करोगाविरुद्धच्या लढ्याचा पाया डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी घातला. धाकट्या बहिणीचा कर्करोगाने झालेला मृत्यू त्यांनी पाहिला होता. त्यांच्या चिकाटीतून १९५४ मध्ये चेन्नईच्या अड्यार येथे कर्करोग संस्था सुरू झाली आणि डॉ. व्ही. शांता (१९२७–२०२१) यांनी आपले सारे आयुष्य तिला वाहिले. या संस्थेत मनो-कर्करोगशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे.

मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. बालपणी कर्करोग होऊन बरे झालेल्यांचा पुढील आयुष्यभर पाठपुरावा करण्यासाठी तेथे १९९१ मध्ये खास बाह्यरुग्ण विभाग सुरू करण्यात आला. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली 'उगम' हा अशा बऱ्या झालेल्या तरुणांचा गट २००९ पासून कार्यरत आहे. या आजारातून गेलेला तरुण समोर येऊन बसला की नव्या रुग्णाला जो धीर येतो, तो दहा व्याख्यानांनी येत नाही. दूरगावाहून आलेल्या कुटुंबांच्या निवाऱ्याचा प्रश्न दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे यांनी पुष्कळ अंशी हलका केला आहे. डोक्यावर छप्पर मिळाले, हाही मनस्तापावरील उपचारच होय.

तरीही मोठ्या शहरांबाहेर मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक कमीच आहेत. अशा ठिकाणी परिचारिका किंवा समाजसेवक यांनी स्थानिक भाषेत तो एक प्रश्न विचारणे, आकडा केसपेपरवर लिहिणे आणि चारच्या वर गेल्यास डॉक्टरांच्या नजरेस आणणे, एवढे तरी निश्चित करता येईल. त्यासाठी यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. एक कागद, एक पेन्सिल आणि दहा मिनिटे पुरतात. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली असून तेथे प्रादेशिक भाषांतून मोफत मार्गदर्शन मिळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच वैद्यकीय विम्याचे संरक्षण देण्याची तरतूद आहे. पॉलिसी घेताना याची चौकशी अवश्य करावी.

आप्तेष्टांच्या हाती

रुग्णालयाबाहेरही पुष्कळ काही करता येते. तज्ज्ञांच्या सल्ल्यातून निघणारी काही सूत्रे अशी :

१. "कसा आहेस?" या प्रश्नाला ठरावीक उत्तर मिळते. त्याऐवजी "शून्य ते दहामध्ये आज किती?" असे विचारावे. आकडा सांगणे तरुणांना शब्दांपेक्षा सोपे जाते.

२. उत्तर ऐकताना लगेच धीर देण्याची घाई करू नये. "असा विचार करायचा नाही," असे म्हटले की पुढचे वाक्य तो गिळून टाकतो.

३. निदान व उपचार यांविषयी वयाला झेपेल अशा शब्दांत खरे सांगावे. अर्धवट ऐकलेले सत्य पूर्ण सत्यापेक्षा भयंकर वाटते.

४. खर्चाविषयी कुजबुज करण्याऐवजी सज्ञान मुलामुलींना विश्वासात घ्यावे. विमा, शासकीय योजना, कर्जाच्या हप्त्यांची फेररचना यांविषयी संबंधित कार्यालयांत वेळीच चौकशी करावी. शैक्षणिक कर्ज चालू असेल तर शाखेला आजाराची कल्पना द्यावी.

५. शाळा-महाविद्यालयाशी संपर्क ठेवावा. एखादा विषय, एखादा पेपर जरी चालू राहिला तरी भविष्य शिल्लक आहे, ही भावना टिकते.

६. मित्रांनी येणे थांबवू नये. बोलायला विषय नसेल तर क्रिकेटवर बोलावे, नाहीतर नुसते सोबत बसावे.

७. बरा झालेला सहकारी कामावर परतला की त्याच्याकडे कुतूहलाने किंवा दयेने पाहू नये. पूर्वीचे काम, पूर्वीचे टेबल आणि पूर्वीची थट्टा यांनीच त्याला आपण परत आल्यासारखे वाटते.

रामानुजन २७ मार्च १९१९ रोजी मुंबई बंदरात उतरले. त्या वर्षातील काही महिने ते कुंभकोणमला होते. त्यांच्या पत्नी जानकी त्यांची शुश्रूषा करीत असत. अंगात ताप असतानाही पाटीवर आणि कागदावर गणिते चालू असत. १२ जानेवारी १९२० च्या पत्रात त्यांनी हार्डींना आपला नवा शोध कळवला आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, मद्रास येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

सारंगपाणी मंदिरासमोरचे त्यांचे घर आता शास्त्र विद्यापीठाने स्मारक म्हणून जपले आहे. रस्त्याकडे उघडणाऱ्या लहानशा खिडकीपाशी एक जुनी खाट आहे. आकड्यांवर जिवापाड प्रेम करणारा मुलगा या घरात वाढला. त्याच्या मनाचा एक आकडा मात्र कोणी कधी विचारला नाही. त्या काळी तशी रीतच नव्हती, म्हणून कोणाला दोष देता येत नाही. आज ती रीत उपलब्ध आहे. देशातील कोणत्याही रुग्णालयात, कोणत्याही घरात, खाटेवर पडून असलेल्या तरुणाला तो एक प्रश्न विचारता येतो. ताप पाहण्यासाठी कपाळावर हात ठेवतो, त्याच मायेने तो विचारला जावा आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसून राहण्याइतकी सवड काढली जावी.